तीस चिन्हांची जाहिरात

कोल्हापुरातील चप्पल लाईन तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. दुकानांच्या दारांतून चपलांच्या माळा लोंबत असतात. नव्या कमावलेल्या कातड्याचा वास दुरूनच नाकाला जाणवतो. आणि आपण क्षणभर रेंगाळलो, तर ‘या पाव्हणं, बघून तर जावा’ अशी हाक हमखास कानी पडते. ही हाक म्हणजे जाहिरातच होय. आणि ती फुकटची जाहिरात आहे. हाक मारावयास दुकानदाराला पैसा पडत नाही. माणूस आला तर आला, न आला तर न आला!

आता, मुलांनो, अशी कल्पना करा की, हाक ऐकून एखादा माणूस दुकानाची पायरी चढला की, दुकानदाराला तत्काळ पाच रुपये दंड भरावा लागतो. मग तो माणूस चप्पल घेवो, नुसती हाताळून पाहो, किंवा ‘बसस्थानक कोठे आहे हो?’ एवढेच विचारून निघून जावो. असा नियम झाला, तर दुकानदार पूर्वीसारखा येईल-जाईल त्याला हाक मारील काय? मुळीच नाही. ज्याला खरोखर चप्पल हवी आहे, त्यालाच ऐकू जावी आणि ज्याला नको आहे त्याने पुढे निघून जावे, अशी हाक तो शोधू लागेल. इंटरनेटवर पैसे देऊन जी जाहिरात केली जाते, तिचा व्यवहार थेट असाच असतो.

हा व्यवहार थोडा नीट समजून घेऊ. नागपुरातील एखाद्या गृहस्थाला कोल्हापुरी चप्पल हवी आहे. तो आपल्या फोनवर गुगल उघडतो आणि शोधाच्या चौकटीत ‘कोल्हापुरी चप्पल’ असे शब्द लिहितो. जी उत्तरे समोर येतात, त्यांत वर किंवा खाली काही उत्तरांवर ‘प्रायोजित’ असा शब्द छापलेला असतो. ती उत्तरे म्हणजे जाहिराती. गृहस्थाने तीवर बोट टेकवले, म्हणजे क्लिक केले, की जाहिरात देणाऱ्याच्या खात्यातून ठरलेली रक्कम वजा होते. गुगलने ही जाहिरातींची सोय ऑक्टोबर २००० मध्ये सुरू केली. २००२ पासून तीत क्लिकमागे पैसे घेण्याची आणि त्यासाठी लिलावाची पद्धत आली. वर्तमानपत्रात जाहिरात दिली, तर आपण जागेचे पैसे देतो. कितीजणांनी ती वाचली याचा हिशेब कोणी मागत नाही. येथे जागा एक प्रकारे फुकट असते. पैसा लागतो तो पायरी चढणाऱ्याचा.

हे सारे मला आज ठाऊक आहे. पण ज्या दिवशी ठाऊक असावयास हवे होते, त्या दिवशी नव्हते. ती हकीकत सांगतो.

मी मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी एका सायंकाळी घरी आला. त्याचे घर जवाहरनगरात. जवाहरनगर व सुभाषनगर हे चप्पल बनविणाऱ्या कारागिरांचे भाग. घराच्या पुढच्या खोलीतच यांचा कारखाना. वडील तळ कापीत, मुलगा शिवण घाली आणि त्याची आई पट्ट्यांवर लावावयाच्या कातडी वेण्या विणी. वडील आता थकले होते. दुकानांना माल पुरवून हाती फारसे राहत नव्हते, म्हणून परगावच्या गिऱ्हाइकाला थेट माल विकावा, असे मुलाने ठरविले होते.

तो म्हणाला, “सर, तुम्ही मराठीत एम. ए. हाय. जाहिरातीच्या दोन ओळी तेवढ्या लिवून द्या. दोन हजार रुपये बाजूला काढल्यात. कातड्याच्या व्यापाऱ्याला द्यायचं हुतं, पर त्याला म्हटलं, महिनाभर थांब.”

दोन ओळी लिहिणे म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ, असे मला वाटले. चाळीस वर्षे निबंध तपासलेल्या माणसाला दोन ओळींची काय मातब्बरी! मी चष्मा चढवला आणि त्याच्या फोनवर लिहू लागलो: ‘करवीरनगरीच्या वैभवशाली परंपरेचा मानबिंदू’. पण यंत्राने मला मध्येच अडविले. ‘परंपरेचा’ या शब्दातील ‘च’पर्यंत गेलो, त्याला काना दिला, आणि मर्यादा संपल्याची लाल खूण समोर उमटली. कारण या जाहिरातीच्या शीर्षकाला तीसच चिन्हे मिळतात, आणि तो काना एकतिसावा होता!

येथे थोडे थांबून ही मोजणी पाहण्यासारखी आहे. आपण मराठीत अक्षरे मोजतो तेव्हा ‘को’ हे एक अक्षर मानतो. संगणक तसे मानीत नाही. त्याच्या लेखी ‘क’ हे एक चिन्ह आणि त्यावरचा ‘ो’ हे दुसरे. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, सारे स्वतंत्र मोजले जातात. जोडाक्षरातील न दिसणारा हलन्तदेखील सुटत नाही, आणि दोन शब्दांमधील मोकळी जागासुद्धा एक चिन्ह धरली जाते. ‘चप्पल’ हा शब्द आपल्या दृष्टीने तीन अक्षरांचा. संगणकाच्या दृष्टीने च, प, हलन्त, प, ल असा पाच चिन्हांचा. ‘कोल्हापुरी’ हा चार अक्षरांचा शब्द दहा जागा व्यापतो. मराठीत जाहिरात लिहिणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. एकेका काना-मात्रेला आपल्या भाषेत भाडे पडते म्हणा ना!

माझ्या पिढीतील लोकांना अशा काटकसरीची सवय होती. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्यापूर्वी निकडीचा निरोप तारेने जाई आणि शब्दांच्या संख्येवर आकार पडे. माझे वडील तार लिहिताना प्रत्येक शब्दावर पेन्सिल टेकवून ‘हा नसला तर चालेल काय?’ असे पुटपुटत. ‘आईची प्रकृती सुधारली, काळजी नको’ एवढ्यात त्यांचे पत्र संपे. तारेच्या कागदावर ‘वैभवशाली’ हा शब्द लिहिलेला मी कधी पाहिला नाही. ही आठवण मला त्या सायंकाळी झाली असती, तर पुढचा अनर्थ टळला असता; पण तसे व्हावयाचे नव्हते.

मी ‘परंपरा’ वगळली आणि ओळ अशी केली: ‘करवीरनगरीचा वैभवशाली मानबिंदू’. एकोणतीस चिन्हे! बरोबर मावली. मी स्वतःवर बेहद्द खूष झालो. कोणत्या शब्दांचा शोध घेणाऱ्यांना ही जाहिरात दाखवावयाची, असे यंत्राने विचारले, तेव्हा ‘कोल्हापूर’ आणि ‘कोल्हापुरी’ हे दोन शब्द आम्ही सांगितले. अशा शब्दांना कीवर्ड म्हणतात. विद्यार्थ्याने माझ्या पाया पडून निरोप घेतला.

सहाव्या दिवशी तो परत आला. तोंड उतरलेले होते. दोन हजार रुपये संपले होते. चारशे माणसे पायरी चढून गेली होती आणि चपलेचा एकही जोड विकला गेला नव्हता.

“सर, माणसं येत्यात, बघत्यात आन् जात्यात,” तो म्हणाला. मला दोष देण्याचे त्याच्या मनातही नव्हते. त्यामुळे मला अधिकच खजील वाटले.

लोकांनी कोणते शब्द लिहून शोध घेतला आणि मग आपल्या जाहिरातीवर क्लिक केले, त्यांची यादी जाहिरात देणाऱ्याला पाहता येते. ती आम्ही उघडली. तीत काय नव्हते? अंबाबाईच्या देवळाची दर्शनाची वेळ, पन्हाळगड, न्यू पॅलेस, रंकाळा. मुंबईहून कोल्हापूरला येणाऱ्या गाड्या. ‘कोल्हापुरी’ या शब्दाने तर कहरच केला होता. कोल्हापुरी मिसळ, कोल्हापुरी मसाला, कोल्हापुरी साज, कोल्हापुरी गूळ, कोल्हापुरी फेटा, तांबडा-पांढरा रस्सा करण्याची कृती! आपल्या गावाचे विशेषण इतक्या नामांना लागते, याचा एरवी मला अभिमान वाटला असता. त्या दिवशी प्रत्येक नामामागे पाच रुपये गेलेले दिसत होते.

आणि ते लोक तरी काय करतील? माझ्या एकोणतीस चिन्हांत ‘चप्पल’ हा शब्दच नव्हता. ‘करवीरनगरीचा वैभवशाली मानबिंदू’ असे वाचून कोणाला देऊळ वाटले, कोणाला राजवाडा वाटला. वाचणाऱ्याने कुतूहलाने बोट टेकवले, चपला पाहिल्या आणि तो निघून गेला. वर्गात मी मुलांना सांगत असे की, विशेषणांनी भाषेला शोभा येते. येतेही; पण आधी नाम हवे. नामावाचून विशेषण म्हणजे वराशिवाय वरात.

त्या दोन हजारांची भरपाई मी देऊ केली. ती त्याने घेतली नाही. “गुरुदक्षिणा दिली म्हणायची,” असे म्हणून हसला. तो हसला, पण कातड्याचा व्यापारी काही हसणार नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी मीच उठून जवाहरनगरात गेलो.

कारखान्यात गेलो तेव्हा एक गिऱ्हाईक समोर बसले होते आणि विद्यार्थ्याची आई त्याच्याशी बोलत होती. बोलताना तिचे हात थांबत नव्हते. बारीक कापलेल्या कातडी दोऱ्यांची वेणी सरसर उतरत होती. ती म्हणाली, “ह्यात खिळा न्हाई बघा एकबी. सगळं वादीनं शिवल्यालं. कातडं बाभळीच्या सालीत आन् हिरड्यात कमावल्यालं हाय. पयल्यांदा जरा टोचंल, आठ दिसांत पायाजोगी हुईल. आन् पान्यात घालू नगासा. पावसाळ्यात तर न्हाईच.” गिऱ्हाइकाने भाव विचारला. तिने चौदाशे सांगितला. त्याने चप्पल उलटीसुलटी करून पाहिली आणि पैसे मोजले.

मी खिशातून कागद काढला. एम. ए.च्या पदवीला जे सुचले नव्हते, ते सारे या बाईच्या बोलण्यात होते. वस्तू कोणती, कशाची, कोणी व कशी केली, किंमत काय, आणि कोणी घेऊ नये! हे शेवटचे पाहून मुलगा मात्र बिचकला. “सर, पाण्यात घालू नका असं जाहिरातीत लिवलं, तर लोक पळतील की,” तो म्हणाला. मी म्हणालो, “अरे, जे पळणार आहेत, ते पायरीवर चढण्यापूर्वी पळाले तर आपले पाच रुपये वाचतील. आणि पावसात घालावयास ज्याला चप्पल हवी आहे, त्याने ही घेतली तर महिन्याभरात तो तुला शिव्या देईल.”

अशा रीतीने नवा मजकूर तयार झाला. त्यातील तीन शीर्षके अशी होती. पहिले, ‘अस्सल कोल्हापुरी चप्पल’: बावीस चिन्हे. दुसरे, ‘हाताने शिवलेली, खिळा नाही’: पंचवीस चिन्हे. तिसरे, ‘किंमत १,४०० रुपयांपासून’: तेवीस चिन्हे. शीर्षकांखाली वर्णनाच्या ओळी असतात. वर्णनाला नव्वद चिन्हे मिळतात. त्यात आम्ही लिहिले: ‘बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले कातडे. पावसाळ्यात, पाण्यात वापरू नये. घरपोच मिळेल.’ पंच्याऐंशी चिन्हे झाली. पाच उरली. ती तशीच राहू दिली. मोकळी जागा दिसली की ती भरलीच पाहिजे, असे नाही. शीर्षकात उद्गारचिन्ह घालता येत नाही, असाही तेथे एक नियम आहे. तो मला फार आवडला.

आणखी एक नियम लिहिणाऱ्याची खरी परीक्षा घेतो. आपण पंधरापर्यंत शीर्षके आणि चारपर्यंत वर्णने लिहून देऊ शकतो. त्यांतील कोणती दोन-तीन शीर्षके, कोणत्या क्रमाने दाखवावयाची, हे यंत्र दर वेळी स्वतः ठरविते आणि कोणत्या जुळणीला लोकांचा प्रतिसाद मिळतो ते पाहत जाते. त्यामुळे ‘म्हणून’, ‘त्यामुळेच’, ‘आणि तीही’ असे मागच्या वाक्याचा हात धरून येणारे शब्द चालत नाहीत. ‘आणि तीही हाताने शिवलेली’ असे लिहिले आणि नेमके तेच आधी दाखविले गेले, तर वाचणारा म्हणेल, तीही म्हणजे कोणती? प्रत्येक ओळ आपल्या पायावर उभी राहिली पाहिजे.

मजकुराबरोबर कीवर्डही बदलले. नुसता ‘कोल्हापूर’ काढून टाकला. ‘कोल्हापुरी चप्पल’, ‘चामड्याची कोल्हापुरी चप्पल’ असे नेमके शब्दसमूह घातले. शिवाय कोणत्या शब्दांना जाहिरात दाखवू नये, हेही यंत्राला सांगता येते. त्यांना नकारात्मक कीवर्ड म्हणतात. मिसळ, मसाला, साज, गूळ, फेटा, रस्सा, मंदिर, हॉटेल, अशी लांबलचक यादी आम्ही दिली. आईला ती वाचून दाखविली तेव्हा ती खो खो हसली.

आता हिशेब पाहा. दुसऱ्या वेळी हजार रुपये लावले. क्लिकमागे पाच रुपये धरले, तर दोनशे माणसे आली. त्यांतून पाच जोड विकले गेले. म्हणजे जोडामागे दोनशे रुपये जाहिरातीतच गेले! पहिल्यापेक्षा बरे खरे. पण चौदाशेच्या मालाला दोनशेचा खर्च परवडणारा नव्हता. यादी पुन्हा तपासली. ‘चप्पल दुरुस्ती’, ‘चप्पल बनविण्याचे प्रशिक्षण’, ‘चपलेचे चित्र’ असे शोध घेणारेही येऊन गेले होते. तेही शब्द वर्ज्य केले. जाहिरातीवर क्लिक करणारा माणूस दुकानाच्या पहिल्या पानावर पोहोचत असे आणि तेथे त्याला चौदाशेची चप्पल शोधावी लागे; तो दुवा बदलून थेट त्याच चपलेच्या पानावर नेला. पुढच्या हजारांत आठ जोड गेले. जोडामागे सव्वाशे रुपये पडले. हे सारे एका दिवसात झाले नाही. दर रविवारी सायंकाळी आम्ही दोघे यादी घेऊन बसत होतो.

शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. व्यापारी बोली बोलतात आणि अधिक बोली बोलणाऱ्याला माल मिळतो. शोधाच्या पानावरची जाहिरातीची जागाही सौद्यानेच मिळते. प्रत्येक शोधाच्या वेळी, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, हा लिलाव होऊन जातो. परंतु त्यात नुसती मोठी बोली पुरत नाही. जाहिरात पाहून लोक क्लिक करण्याचा संभव किती, शोधलेल्या शब्दांशी मजकुराचा मेळ कितपत बसतो, आणि क्लिक केल्यावर जे पान उघडते ते वाचणाऱ्याच्या उपयोगाचे आहे काय, हेही पाहिले जाते. मजकूर नेमका असेल, तर कमी बोलीचा कारागीरही मोठ्या बोलीच्या व्यापाऱ्यावर वरचढ ठरू शकतो. आणि बोललेली सगळी रक्कम दर वेळी भरावीच लागते असेही नाही. आपली जागा राखण्यापुरती लागते.

एवढे झाल्यावर मला वाटले, आपले काम संपले. पण दिवाळीच्या तोंडावर तो पुन्हा आला. या खेपेस बरोबर एक पिशवी होती. पिशवीतून त्याने दोन चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या. दिसावयास एकसारख्या. एक त्याच्या घरची. दुसरी रेक्झिनची, यंत्रावर केलेली; एक घाऊक व्यापारी ती तीनशे रुपयांना देत होता. “सर, फोटोत फरक कळत न्हाई,” तो खाली पाहत म्हणाला. “जाहिरात तीच ठेवायची, माल ह्यो पाठवायचा, असं तो व्यापारी म्हणतो. दिवाळीला शंभर जोड सहज जातील. कातड्याचं सगळं देणं एका दमात फिटंल.”

मी त्याला कायदा सांगितला. ‘कोल्हापुरी चप्पल’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांत ठरलेल्या रीतीने तयार होणाऱ्या चपलेचे ते नाव आहे. ते वाटेल त्या वस्तूला लावता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्यात फसव्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तीच चूक पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. जाहिरातदारांची स्वतःची एक परिषदही १९८५ पासून मुंबईत काम करते. खोट्या दाव्यांच्या तक्रारी ती ऐकून घेते.

नावाचे मोल किती असते, हे पुढे जून २०२५ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. इटलीतील मिलान शहरी प्राडा या कंपनीने कोल्हापुरी घाटाच्या चपला प्रदर्शनात मांडल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. त्याबद्दल आपल्याकडे मोठी टीका झाली. चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरांच्या परंपरेतून घेतल्याचे कंपनीने नंतर मान्य केले. जवाहरनगरातील कारागिरांचा राग चपला नेल्याचा नव्हता. नाव गाळल्याचा होता. तेथे मालाशिवाय नाव हरवले होते. येथे हा व्यापारी नावाखाली दुसराच माल खपवू पाहत होता.

पण मी कायदा सांगत होतो, तेव्हा त्या मुलाच्या चेहऱ्यावरून ते बोलणे त्याच्यापर्यंत पोहोचत आहे, असे मला दिसेना. दंडाची भीती दूरची होती आणि देणे दाराशी उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यानेच येऊन पुढचे सांगितले. घरी त्याने ती रेक्झिनची चप्पल आईपुढे ठेवली. तिने ती हातात घेतली, पट्ट्यावर छापलेली वेणी अंगठ्याने घासून पाहिली आणि म्हणाली, “ह्याच्यावर माझी येणी न्हाई.” एवढेच बोलून ती आपल्या कामाला लागली. मग त्याने पिशवी उचलली आणि व्यापाऱ्याकडे परत नेऊन दिली.

त्या दिवाळीत त्याचे शंभर जोड गेले नाहीत. एकतीस गेले. तेवढेच घरातल्या हातांनी होण्यासारखे होते. कातड्याचे निम्मे देणे फिटले. उरलेले फिटावयास उन्हाळा उजाडला. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, तेव्हा त्याने जाहिरात थांबविली. पावसाळ्यात वापरू नये असे लिहिलेली वस्तू पावसाळ्यात विकण्यासाठी पैसे का मोजावेत, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो त्याला आपणहून सुचला होता.

त्याच पावसाळ्यात नागपूरच्या एका गिऱ्हाइकाचा निरोप आला. त्याने लिहिले होते की, तुम्ही जाहिरातीत बजावले होते, तरी माझ्याकडून चप्पल भिजली; आता काय करू? मुलाने फोन माझ्याकडे दिला. मी उत्तर लिहावयास घेतले आणि ‘सविनय नमस्कार’ एवढे लिहून थांबलो. आई आतून सांगू लागली, “उन्हात ठेवू नगा म्हणावं. सावलीत वाळू द्या. वाळल्यावर तेलाचा हात फिरवा. आन् तवर दुसरी घाला.” मी ते तसेच्या तसे लिहून पाठविले.

स्वाध्याय

१. ‘करवीरनगरीचा वैभवशाली मानबिंदू’ ही ओळ मर्यादेत बसूनही निरुपयोगी का ठरली?

२. विद्यार्थ्याच्या आईने गिऱ्हाइकाला सांगितलेल्या कोणत्या गोष्टी जाहिरातीत आल्या? कोणती गोष्ट आली नाही? ती घालावयाची झाल्यास तीस चिन्हांत कशी लिहाल?

३. तुमच्या गावातील एखादी वस्तू निवडा. तिच्यासाठी तीन शीर्षके लिहा. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त व मोकळी जागा धरून चिन्हे मोजा. शीर्षकांचा क्रम बदलून वाचा. अर्थ बिघडतो काय?

४. आईचे बोलणे प्रमाण मराठीत लिहा. त्यातील कोणते शब्द बदलू नयेत असे तुम्हांला वाटते?